पोस्टमनचे पुढचे चाक

रविवारी सकाळी सहाला पाच मिनिटे कमी असताना मिस्त्री दुकानाच्या फळ्या काढायला घेई, आणि पाचवी फळी भिंतीला टेकवून तो वळेपर्यंत रस्त्यावर निदान चार सायकली येऊन उभ्या असत. पहिला नंबर पोस्टमनचा. तो निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती, पण वेळेआधी पोचायची खोड काही गेली नव्हती. मागोमाग गणिताच्या बाई येत. मग छापखान्यात काम करणारा, सव्वासहा फूट उंचीचा, ज्याला सगळे शिडी म्हणत तो. नंतर बाकीचे एकेक करून जमत. दहा-बारा जण व्हायचे. पाण्याच्या टाकीला वळसा घालून, चढ चढून, पलीकडच्या उताराने नदीच्या पुलापर्यंत जायचे आणि आल्या वाटेने परतायचे, असा त्यांचा अठ्ठेचाळीस किलोमीटरांचा फेरा होता.

पण मिस्त्रीचा हात फिरल्याशिवाय कुणी पेडलवर पाय ठेवत नसे.

हे कुणी ठरवून दिलेले नव्हते. कधीतरी सुरू झाले आणि मग तशीच रीत पडली. सगळे ओळीने उभे राहत. मिस्त्री एकेका सायकलीसमोर येऊन पुढचे चाक जमिनीवरून उचली, रिम चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाही, मग अंगठा चाक धरणाऱ्या फोर्कवर टेकवून दुसऱ्या हाताने चाकाला एक झटका देई. चाक फिरू लागले की आतले जे काही असेल ते फोर्कमधून त्याच्या अंगठ्यात चढे. बेअरिंगमधला छर्रा फुटलेला असो, छर्ऱ्यांवर आवळायचा कोन सैल असो, ग्रीस वाळलेले असो, सगळे अंगठ्यात कळे. चाकाकडे तो बघतही नसे. त्याचे लक्ष समोरच्या माणसाकडे असे.

"काय बाई, किती पोरं नापास केलीत या खेपेला?"

"तुम्ही माझं चाक पास करा आधी, मग सांगते."

"तुमचं चाक हुशार आहे. मालकिणीवर गेलेलं नाही." मग ब्रेक एकदा दाबून, सीटवर थाप मारून तो म्हणे, "सोडली."

त्याने "सोडली" म्हटले की ती सायकल जायला मोकळी.

मिस्त्री स्वतः त्यांच्याबरोबर कधी गेला नाही. तिशीत असतानाच त्याचा डावा गुडघा कामातून गेला होता. पुलाजवळ चहाची टपरी आहे, उतारावर दोन्ही बाजूंना उंच झाडे आहेत, हे त्याला ऐकून माहीत. तरी परत आल्यावर सगळे आधी त्याच्या ओट्यावर टेकत आणि रस्ता कसा होता ते त्यालाच सांगत. शिडी एकदा म्हणाला होता, "काका, तुम्ही घरी बसून बारा सायकलींवरून फिरता." मिस्त्रीने ते हसण्यावारी नेले, पण घरी जेवताना बायकोला दोनदा सांगितले.

हे काम तो मामाच्या हाताखाली शिकला होता. वडील गेल्यावर आईने त्याला आपल्या भावाकडे धाडले. मामा तसा माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला बोलायचा कंटाळा होता. पुढच्या चाकाचे छर्रे बारीक असतात, मागच्याचे जाड. मामा दोन्ही एकाच डब्यात ग्रीसमध्ये कालवी, वर फडके टाकी आणि एवढेच म्हणे, "निवड." सहा महिने मिस्त्रीने फडक्याखाली हात घालून छर्रे निवडले. एकही चुकत नाही असे झाले तेव्हा मामाने आयुष्यातले सर्वांत लांब वाक्य उच्चारले: "आता कामाकडे बघायचं नाही, गिऱ्हाइकाकडे बघायचं. कामाचं बोटं बघून घेतील."

तेव्हापासून चाक उघडून छर्रे भरताना मिस्त्रीने मान खाली घातली नाही. दोन बाजूंना दोन डबे, मांडीवर चाक, नजर समोर. बायकोने त्याला पहिल्यांदा पाहिले ते असेच. शिवणवर्गाला जाताना तिच्या सायकलीचे चाक करकरायला लागले म्हणून ती दुकानात आली होती. तो पंधरा मिनिटे तिच्या तोंडाकडे बघत बसला आणि चाक तयार झाले.

"कामाकडे लक्ष द्या जरा," ती चिडून म्हणाली होती.

"कामच करतोय."

चाळीस वर्षे हा किस्सा ती आल्या-गेल्याला ऐकवत आली. "मला वाटलं, माणूस माझ्यावर भाळला. मामांनी शिकवलंय म्हणून बघतोय हे कुठं ठाऊक होतं! तोवर अक्षता पडून गेल्या."

साखरेचा आजार मिस्त्रीला बारा वर्षांपासून होता. गोळ्या तो घेई, पण मनाला येईल तेव्हा. एकदा सकाळी बायको दूध आणायला खाली गेली होती. ती परत आली तर त्याने चुलीवरचे चहाचे पातेले नुसत्या हाताने काठाला धरून उचलले होते आणि शांतपणे दोन कपांत चहा ओतत होता.

"अहो, सांडशी!"

"कशाला? काही गरम नाहीये."

कपांतून वाफ येत होती. तिने त्याचा हात ओढून उलटा केला. अंगठ्यावर आणि दोन बोटांवर पांढरे फोड आले होते. तो त्यांच्याकडे असा बघत राहिला की जणू हात शेजाऱ्याचा आहे.

डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि बोटांच्या टोकांवर टाचणी टेकवली.

"टोचतंय?"

"सुरू करा ना," मिस्त्री म्हणाला.

डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली. साखरेने नसा मारल्या आहेत, गेलेले परत येणार नाही, आता निदान पाय सांभाळा, असे त्यांनी समजावून सांगितले. बायकोने सगळे लिहून घेतले. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "निदान भावजींना तरी सांगा." भावजी म्हणजे पोस्टमन.

"कुणाला काही सांगायचं नाही."

"आणि रविवार?"

"रविवारी काय डोंगर उचलायचाय? सवयीचा हात आहे माझा."

आठवड्याचे काम तसे निभत होते. पंक्चर, साखळी, ब्रेकच्या तारा या गोष्टी डोळ्यांना दिसतात. चाक उघडायचे असले तर तो ते आतल्या खोलीत नेई, चष्मा लावी, दिवा जवळ ओढी आणि दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास घेई. पण रविवारी बारा जणांसमोर चष्मा लावून, वाकून, चाकाला कान लावून बसायचे म्हणजे सगळ्यांना कळणार. म्हणून रविवारी तो पूर्वीसारखेच चाक उचली, चिमटीत रिम धरी, अंगठा टेकवी, झटका देई, समोर बघून थट्टा करी. अंगठ्यात काही म्हणजे काही चढत नसे. चाक फिरते आहे की भिंत उभी आहे, तेही त्याला कळले नसते. क्षणभर थांबून तो सीटवर थाप मारी आणि म्हणे, "सोडली."

उतारावर ताशी चाळीसच्या वेगाने माणसे जातात, हे त्याला कुणी सांगायला नको होते. साडेदहापर्यंत तो ओट्यावर बसून रस्त्याच्या टोकाकडे बघत राही, आणि परतलेल्या सायकली मोजून झाल्याशिवाय त्याच्या घशाखाली पाणी उतरत नसे. दर रविवारी तो ठरवी की पुढच्या खेपेला सांगून टाकायचे. पुढच्या खेपेला पोस्टमन ओळीत पहिला उभा असे आणि म्हणे, "चल लवकर, ऊन चढेल." मग राहून जाई.

थंडीचे दिवस होते. एका रविवारी सगळे निघून गेल्यावर मिस्त्रीला ओट्यावर बाईंची पाण्याची बाटली दिसली. मंडळी टाकीपाशी थोडा वेळ थांबतात हे त्याने अलीकडे बोलण्या-बोलण्यात ऐकले होते. मागे राहिलेले तिथे गाठतात अशी त्याची समजूत होती. रस्ता मोठा वळसा घेऊन जात असला तरी मागच्या गल्लीतून टाकी सात-आठ मिनिटांवर. बाटली घेऊन तो लंगडत निघाला.

गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा समोर टाकीच्या भिंतीला लागून सगळ्या सायकली उलट्या केलेल्या होत्या. सीट आणि हॅण्डल जमिनीवर, चाके आकाशाकडे. शिडी गुडघ्यांवर बसला होता. त्याने एका चाकाची रिम चिमटीत धरली, हलवली, अंगठा फोर्कवर टेकवून चाकाला झटका दिला, आणि डोळे बारीक करून चाकाकडे बघत राहिला. मग पान्ह्याने काहीतरी कसले, पुन्हा फिरवले.

"सोडली," तो म्हणाला आणि पुढच्या सायकलीकडे सरकला.

कुणी हसत नव्हते, थट्टा करत नव्हते. बाई हात बगलेत घालून आपली पाळी येण्याची वाट बघत होत्या. ओळीच्या टोकाला पोस्टमन आपली काळी, जड सायकल उभी धरून दुकानाच्या रस्त्याकडे तोंड करून उभा होता, राखण करणाऱ्यासारखा. तिकडून कुणी येत नाही ना, हे तो बघत होता. गल्ली त्याच्या पाठीमागे होती.

मिस्त्री बाटली घेऊन आल्या पावली परत फिरला. साडेदहाला बाई विचारायला आल्या तेव्हा तो म्हणाला, "ही काय, इथंच तर आहे. तुम्ही घसा वाळवत गेलात."

घरी आल्यावर त्याने बायकोला विचारले, "तुला ठाऊक होतं?"

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली, म्हणजे उत्तर मिळाले.

"भावजी सांगून गेले," ती म्हणाली. "दोन महिने झाले. बाईंचं चाक उतारावर डगडगायला लागलं होतं. शिडीच्या वेळेवर लक्षात आलं. चाक सरळ रेघ सोडून हातभर बाजूला हेलकावत होतं म्हणे."

"मी सोडलेलं चाक?"

"तुम्ही सोडलेलं."

"म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. आणि तरी सकाळी माझ्यापुढं ओळ लावून उभे राहतात. नाटक कंपनी काढा म्हणावं."

"तुम्हाला लागू नये म्हणून करतात हो. भावजींनी प्रत्येकाकडून शब्द घेतलाय." तिने हात पुसले. "सांगून टाका एकदा. शिडी दुकानासमोरच बघेल सगळ्यांची. तुम्ही खुर्ची टाकून बसा, त्याच्या चुका काढा, शिव्या घाला. तुम्हाला जमतं ते."

"माझ्याच दुकानात पाहुणा म्हणून बसू?"

"पाहुणा कशाला? म्हातारा म्हणून बसा."

यावर त्याला एरवी हसू आले असते.

दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्याच्या लक्षात आले की रात्री आपल्याला गाढ झोप लागली होती. शरम होती, ती होतीच. पण तिच्या खाली कुठेतरी सुटल्यासारखे वाटत होते, आणि हे त्याने बायकोलाही सांगितले नाही. टाकीपाशी शिडी आहे. म्हणजे आपण काहीही म्हटले तरी कुणाच्या जिवाला धोका नाही. आपण हात फिरवायचा, त्यांनी फिरवून घ्यायचा, आणि खरे काम भिंतीआड होऊन जाईल. पुढच्या रविवारी त्याने ओळीतल्या प्रत्येकाची अशी टोपी उडवली की बाईंना हसून हसून ठसका लागला. साडेदहाला त्याने सायकली मोजल्या नाहीत.

असे चार महिने चालले. ते त्याच्यासाठी नाटक करत होते आणि तो त्यांच्यासाठी.

उन्हाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. शुक्रवारी दुपारी पोस्टमन सायकल घेऊन दुकानात आला. टपाल वाटायची तीच ही सायकल. पुढे थैली लटकवायचा आकडा अजून तसाच होता.

"पुढचं चाक जड लागतंय. उघडून बघ जरा."

"ठेवून जा. उद्या देतो."

"का? मी बसतो की. घरी कोण वाट बघतंय?" त्याने स्टूल ओढून अगदी समोर मांडले. "आणि आत घेऊन जाऊ नकोस. इथंच भर, माझ्यासमोर. पूर्वी भरायचास तसं."

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिले. पोस्टमनच्या चेहऱ्यावर काही नव्हते, नेहमीचा चेहरा होता. आपल्या बोटांचे त्याला ठाऊक आहे, हे मिस्त्रीला ठाऊक होते. मिस्त्रीला हे ठाऊक आहे, ते मात्र पोस्टमनला ठाऊक नव्हते. चष्मा वरच्या खिशात होता. तो तिथेच राहिला.

मिस्त्रीने चाक मांडीवर घेतले. उजवीकडे बारीक छर्ऱ्यांचा डबा, डावीकडे जाड. कोन सोडवले, जुने छर्रे कागदावर काढले, ग्रीस भरले आणि मान वर करून समोर बघत एकेक छर्रा लावायला सुरुवात केली. पोस्टमन खुशीत आला.

"चौतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली मी," तो सांगत होता. "प्रेमपत्रं वाटली, तारा वाटल्या, कोर्टाची समन्सं वाटली. मला स्वतःला पत्रं किती आली असतील? सांग."

"तुला कोण लिहिणार? अक्षर बघून पळून जातील."

"एक. निवृत्तीचं. ते पण मीच माझ्या घरी टाकलं."

दोघेही हसले. हसता हसता मिस्त्रीचा हात डब्याकडे जात होता आणि परत येत होता. एकदा तो कुठल्या डब्याकडे गेला, हे त्या हातालाच माहीत असायला हवे होते. अर्ध्या तासात चाक लागले. पोस्टमन रस्त्यापर्यंत जाऊन वळला आणि म्हणाला, "बरं वाटलं बघ." चाकाला, की त्याला, ते काही त्याने सांगितले नाही.

रविवारी ओळ लागली. मिस्त्रीने पोस्टमनचे चाक उचलले, अंगठा टेकवला, झटका दिला.

"टक टक येतंय का कुठून?" शेजारून बाईंनी विचारले.

"माझी कवळी," पोस्टमन म्हणाला. "थंडीत वाजते."

"अहो, उन्हाळा आहे!"

"तिला कुठं कॅलेंडर कळतंय?"

सगळे हसले. मिस्त्रीने कान दिला होता. टक टक त्यालाही ऐकल्यासारखी वाटली. कालपरवाच भरलेय, बसेल एक-दोन किलोमीटरांत, असे त्याला वाटले. आणि नाहीच बसले तर टाकीपाशी शिडी बघेलच. त्याने सीटवर थाप मारली.

"सोडली."

साडेआठला बाई एकट्याच परत आल्या. सायकल त्यांनी रस्त्यातच टाकली. उतारावर पोस्टमनचे पुढचे चाक चालता चालता एकदम अडकले होते, आणि तो हॅण्डलवरून पुढे फेकला गेला होता. शुद्धीवर आहे, पण मांडीचे हाड खुब्यापाशी मोडलेय, शिडी गाडीतून त्याला घेऊन इस्पितळात गेलाय, एवढे सांगून त्या ओट्यावर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागल्या. मिस्त्रीची बायको पाणी घेऊन आली.

दुपारी शिडी आला. काळी सायकल कुणाच्या तरी टेम्पोतून आणली होती. पुढचे चाक सुटे काढून त्याने खांद्यावर घेतले होते.

मिस्त्रीने चष्मा लावला, दिवा ओढला आणि चाक टेबलावर आडवे ठेवून उघडले. कोनाचे दोन तुकडे झाले होते. ग्रीसमध्ये लोखंडाचा कीस चमकत होता. त्या बाजूचे छर्रे त्याने एका कागदावर काढले आणि फडक्याने पुसले. नऊ बारीक होते, त्यातले दोन फुटलेले. दहावा जाड होता. मागच्या चाकाचा.

मग मिस्त्रीने मान वर केली.

"तू बघितलं नाहीस?" त्याचा आवाज चढला. "टाकीपाशी सगळ्यांच्या सायकली उलट्या ठेवतोस, गुडघ्यावर बसतोस. मग याचं कसं नाही दिसलं तुला? आवाज येत होता चाकातून! बहिऱ्यालासुद्धा ऐकू गेला असता!"

शिडीचा चेहरा पांढरा पडला. टाकीचे काकांना माहीत आहे हे त्याला आत्ता कळत होते.

"काका," तो म्हणाला, "पोस्टमनकाकांची सायकल मी कधीच बघितली नाही. एकदाही नाही. हात लावू द्यायचे नाहीत ते."

"का?"

"पहिल्या दिवशीच म्हणाले. या बाकीच्यांच्या बघ, नीट बघ. माझी मिस्त्रीने बघितली आहे."

मिस्त्री स्टुलावर बसला. त्या थंडीतल्या सकाळी सगळ्या सायकली उलट्या होत्या आणि एकच सरळ उभी होती, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्याने तो जाड छर्रा उचलून तळहातावर ठेवला आणि बोटांत फिरवला. बोटांना तिथे काही असल्याचेच कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला. पोस्टमनच्या पायाला वजने लटकवली होती. उशाशी त्याची सून बसली होती, ती उठून बाहेर गेली.

"कुत्रं आडवं आलं," मिस्त्रीने तोंड उघडायच्या आत पोस्टमन म्हणाला.

"उतारावर?"

"मग कुत्र्यांना काय चढावरच चालायचं बंधन आहे? काळं होतं. एवढं मोठं."

मिस्त्रीने खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. "हा तुझ्या पुढच्या चाकात होता."

पोस्टमनने एकदाच तिकडे पाहिले. "बांध ती पुडी. नर्स बघेल तर गोळी म्हणून मला गिळायला लावेल."

"अरे, ऐक तरी माझं."

"कुत्रं होतं. सुनेला सांगितलंय, डॉक्टरांना सांगितलंय, कागदावर लिहिलंय त्यांनी. आता तू येऊन माझा शब्द खोटा पाडू नकोस. जा, दुकान उघडं टाकून आला असशील."

रविवार आला. मिस्त्रीला वाटले होते कुणी येणार नाही, पण सहाला अकरा सायकली ओळीने उभ्या होत्या. बाई पहिल्या होत्या, पोस्टमनच्या जागी. त्यांनी सवयीने सायकल पुढे केली.

मिस्त्रीने हात लावला नाही.

"माझ्या बोटांना काही कळत नाही," तो म्हणाला. "दीड वर्ष झालं. तुम्हाला ते ठाऊक आहे. तुम्ही टाकीपाशी काय करता, ते मला ठाऊक आहे. मी गप्प बसलो. पोस्टमनचं चाक मी भरलं, त्यात जाड छर्रा घातला. कुत्रं वगैरे काही नव्हतं." एवढे सलग तो मामाच्या दुकानात आल्यापासून कधी बोलला नसेल. मग त्याने कमरेचा पान्हा काढून शिडीपुढे धरला. "इथंच बघ. सायकल उलटी ठेवायची गरज नाही. उभी ठेवून कसं बघायचं ते सांगतो."

शिडीने पान्हा घेतला. त्याने चाके बघितली तेव्हा सगळ्यांच्या नजरा जमिनीवर होत्या. शेवटच्या सायकलीपर्यंत "सोडली" हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. तो नुसती मान हलवत होता. बायकोने आतून खुर्ची आणून ओट्यावर ठेवली, पण मिस्त्री तिच्यावर बसला नाही. मंडळी गेल्यावर त्याने फळ्या लावल्या आणि तो इस्पितळाकडे चालू लागला.

पोस्टमनला आता थोडे उशीला टेकून बसवले होते. "किती गेले आज?" त्याने विचारले.

"अकरा."

"कुणी बघितल्या?"

"शिडीने. दुकानासमोर. मी सांगितलं सगळ्यांना."

"काय सांगितलंस?"

"सगळं. माझ्या बोटांचं. तुम्ही टाकीपाशी बघता ते मला कधीचं माहीत होतं, तेही."

पोस्टमनची मान हळूहळू वळली. "कधीचं?"

"थंडीपासून."

पोस्टमनने नजर छताकडे वळवली. वजनाची दोरी मधूनच कुरकुरत होती.

"शुक्रवारी न बघता भर म्हटलं, तो माझा गाढवपणा," तो म्हणाला. "हौस आली मला. त्याचं काही नाही. पण रविवारी तू माझं चाक हातात घेतलंस. तेव्हा तुला काही कळलं?"

"नाही."

"तरी सोडली म्हणालास."

"मला वाटलं, पुढं शिडी बघेल. तुझीही बघत असेल असं धरून चाललो होतो."

"म्हणजे थंडीपासून तू नुसता हात फिरवत होतास."

"हो."

"माझ्याही सायकलीवर?"

मिस्त्रीला वाटले, आता तरी कुत्र्याचे काहीतरी निघेल, कवळीचे काहीतरी निघेल. तसे काही निघाले नाही.

"हो," तो म्हणाला. "तुझ्याही."

"बाकीच्यांसाठी मी ते नाटक मांडलं होतं," पोस्टमन म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, पत्ता विचारणाऱ्या माणसाशी बोलावा तसा. "म्हटलं, बोटं जाऊ देत. माझं चाक धरशील तेव्हा वाकशील, चष्मा लावशील, काहीतरी करशील. नाहीच कळलं तर मला म्हणशील, तू आज थांब. तुझं-माझं तरी खरं चाललंय, अशा समजुतीत होतो मी."

एवढे बोलून त्याने तोंड भिंतीकडे केले.

मिस्त्री खुर्चीवर बसून राहिला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भेटायला लोक आले, गेले. फरशी पुसणारी बाई येऊन त्याला पाय वर घ्यायला सांगून गेली. बाराला भेटीची वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा तो उठला. पोस्टमनच्या खांद्यावरून पांघरूण सरकले होते, ते त्याने दोन्ही हातांनी वर ओढले, आणि नीट बसले आहे की नाही हे वाकून डोळ्यांनी पाहिले. पोस्टमनने त्याला ते करू दिले. तो जागा होता. पण त्याने वळून पाहिले नाही.